आधी नेम, मग सुई

हे वाचायला थोडी सवड काढा. एखाद्या परिच्छेदापाशी थांबावंसं वाटलं तर थांबा, मागे जाऊन तो पुन्हा वाचा. आज ज्याचं मनन करायचं आहे ती गोष्ट दवाखान्यातली आहे: एमआरआयच्या चित्रावर नेम धरून घेतलेली सुईची बायोप्सी. नुसत्या नावानं पोटात गोळा आला असेल, तर तो येऊ द्या. त्याला घालवायची घाई नको. तुम्ही स्वतः या तपासणीची तारीख घेऊन बसला असाल, घरातलं कुणी बसलं असेल, किंवा तुमचा याच्याशी आज काहीच संबंध नसेल. कुठल्याही परिस्थितीत हा विषय मनाशी घोळवण्याजोगा आहे, कारण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. एखाद्या गोष्टीत हात घालण्याआधी आपण तिच्याकडे किती नीट पाहतो?

शरीराच्या आत काय चाललं आहे हे कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, बाहेरून पाहणं. दुसरा, आतला एक कण बाहेर काढून तपासणं. पहिल्यात इजा नाही, पण खात्रीही नाही. दुसऱ्यात खात्री आहे, पण त्यासाठी टोचावं लागतं. या दोन मार्गांची गाठ कशी पडली, आणि त्या भेटीतून कोणता शहाणपणा निघाला, हे आज सावकाश पाहू या.

०००

आता लक्ष स्वतःच्या शरीराकडे वळवा. तळहात मांडीवर ठेवा. जी ऊब जाणवते आहे, तिच्या आत पाणी आहे. मोठ्या माणसाच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा पाण्याचा असतो. ते रक्तात आहे, स्नायूंत आहे, प्रत्येक पेशीच्या आत आहे आणि दोन पेशींमधल्या फटींतही आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, आणि हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. या प्रोटॉनला स्वतःचं अतिसूक्ष्म चुंबकत्व असतं. एरवी हे सगळे प्रोटॉन वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात आणि त्यांची बेरीज जवळजवळ शून्य होते. आत्ता तुमच्या तळहातात तेच चाललं आहे.

मग माणूस एमआरआयच्या बोगद्यात सरकवला जातो. तिथलं चुंबकक्षेत्र बहुतेक यंत्रांत १.५ किंवा ३ टेस्ला असतं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. हे क्षेत्र निर्माण करणारी तारांची वेटोळी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेली असतात, म्हणजे तारेतून वीज विनाअडथळा फिरत राहते. एवढं बलाढ्य क्षेत्र लावलं तरी शरीरातले सगळे प्रोटॉन काही शिस्तीत उभे राहत नाहीत. क्षेत्राच्या बाजूनं आणि विरुद्ध बाजूनं असलेल्यांचा हिशेब केला, तर फरक दहा लाखांमागे जेमतेम पाचांचा पडतो. बाकीचे एकमेकांना रद्द करतात.

इथे थोडं थांबा. दहा लाखांतले पाच. एमआरआयचं सगळं चित्र या पाचांच्या भरवशावर उभं असतं. त्यांना रेडिओलहरीचा धक्का द्यायचा, १.५ टेस्लाच्या यंत्रात ही लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असते, आणि मग धक्का थांबवून ते पूर्वस्थितीला येताना जो क्षीण संदेश परत पाठवतात तो ऐकायचा. चरबीतले प्रोटॉन लवकर परततात, साध्या पाण्यातले उशिरा. सुजलेल्या भागातले वेगळे, दाट पेशींच्या गाठीतले वेगळे. परतण्याच्या वेळेतला हा फरक म्हणजेच चित्रातला काळा-पांढरा फरक.

या ऐकण्यामागे अनेकांची हयात गेली आहे. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये पदार्थातल्या प्रोटॉनचा हा प्रतिसाद स्वतंत्रपणे टिपला आणि १९५२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांनी वाटून घेतलं. १९७१ मध्ये रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठींतला संदेश निरोगी ऊतकापेक्षा वेगळा येतो हे दाखवलं. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या संदेशातून पहिलं चित्र छापलं. ते चित्र होतं पाण्यानं भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं. पुढे पीटर मॅन्सफील्ड यांनी हे चित्र झपाट्यानं काढण्याचं गणित बसवलं. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. दोन नळ्यांतल्या पाण्यापासून जिवंत माणसाच्या आतल्या पाण्यापर्यंतचा हा प्रवास न कापता, न टोचता झाला.

०००

आता प्रोस्टेटकडे वळू. एमआरआयनं सुईची वाट सगळ्यात जास्त बदलली ती इथे.

ही ग्रंथी पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी. वय वाढतं तशी बहुतेकांची ती मोठी होते. तिच्यातून पीएसए नावाचं एक प्रथिन रक्तात उतरतं. ते वाढलं की संशय येतो. पण पीएसए साध्या वाढीनंही चढतं, संसर्गानंही चढतं आणि कर्करोगानंही. रक्ताचा रिपोर्ट एवढंच म्हणतो की काहीतरी आहे. काय आहे आणि कुठे आहे, हे तो सांगत नाही.

कित्येक वर्षं त्यापुढची पायरी अशी होती. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब आत न्यायचा आणि पडद्यावर ग्रंथी पाहत सुया मारायच्या. सोनोग्राफीत ग्रंथीची बाह्यरेषा स्वच्छ दिसते, पण आतला कर्करोग पुष्कळदा आजूबाजूच्या भागासारखाच दिसतो. मग गाठीवर नेम धरणार कसा? म्हणून ग्रंथीचे मनातल्या मनात खण पाडायचे आणि प्रत्येक खणातून एक तुकडा घ्यायचा. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अशा सहा ठरावीक जागांची पद्धत मांडली. पुढे सहाच्या बारा झाल्या.

या बारा सुयांवर मन स्थिर करा. प्रत्येक सुईतून येणारा तुकडा साधारण दीड-दोन सेंटीमीटर लांब आणि मिलिमीटरभर जाड. बारा तुकड्यांचं आकारमान एकत्र केलं तरी ग्रंथीच्या एक टक्काही भरत नाही. नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त ग्रंथी तशीच, न पाहिलेली राहते. ग्रंथीच्या पुढच्या भागातली गाठ मागून येणाऱ्या सुईच्या टप्प्यात सहसा येत नाही. एखादी धोक्याची गाठ दोन सुयांच्या मधून निसटते. आणि एखादी निरुपद्रवी, आयुष्यभर त्रास न देणारी बारीक जागा नेमकी सुईत येते, आणि त्या दिवसापासून माणूस कर्करोगाचा रुग्ण म्हणून जगू लागतो.

यात डॉक्टरांचा दोष नव्हता. जे साधन हाती होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे वापरलं, आणि त्यातून असंख्य माणसं वाचली. आपल्याला इथे एवढंच ध्यानात घ्यायचं आहे की दिसत नसेल तेव्हा माणूस संख्या वाढवतो. नेमाची उणीव तो वारांनी भरून काढतो. हे आपण आपल्या वागण्यातही ओळखतो का, हे क्षणभर स्वतःला विचारा. उत्तर मिळालं नाही तरी चालेल.

०००

आता त्याच ग्रंथीचं एमआरआय पाहू. रेडिऑलॉजिस्ट एकाच चित्रावर विसंबत नाही. तो तीन वेगवेगळ्या प्रकारांनी पाहतो.

पहिल्या प्रकारात ग्रंथीची रचना दिसते. तिचा बाहेरचा पट्टा द्रवानं भरलेल्या बारीक नलिकांचा असतो, म्हणून तो उजळ दिसतो. कर्करोगाच्या पेशी त्या नलिकांची जागा घेतात, तिथे काळपट डाग उमटतो.

दुसऱ्या प्रकारात पाण्याचं हिंडणं दिसतं. शरीरातले पाण्याचे रेणू क्षणभरही स्वस्थ नसतात. मोकळी जागा असेल तिथे ते लांबवर भटकतात. पेशी दाटीवाटीनं खेटून असतील तिथे त्यांना वळायलाही जागा उरत नाही. एमआरआय ही अडवणूक मोजतो. तुमच्या तळहातात आत्ता पाणी हिंडतं आहे, त्याच हिंडण्याचा हा नकाशा. गाठ स्वतः काही बोलत नाही, पण तिच्या आत अडकलेलं पाणी तिची दाटी सांगून जातं.

तिसऱ्या प्रकारात शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात आणि ते कुठे लवकर पोहोचतं हे पाहतात. वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. त्या घाईनं झालेल्या आणि पाझरणाऱ्या असतात, म्हणून औषध तिथे आधी उजळतं.

तिन्ही मिळून रेडिऑलॉजिस्ट १ ते ५ असा आकडा देतो. याला पाय-रॅड्स म्हणतात. १ म्हणजे धोक्याचा कर्करोग असण्याची शक्यता फारच कमी, ५ म्हणजे फारच जास्त. आणि ३ म्हणजे? ३ म्हणजे सांगता येत नाही. या मधल्या आकड्याचा मान राखायला हवा. जाणत्या माणसानं कागदावर "मला खात्री नाही" असं लिहून द्यावं आणि त्यासाठी पद्धतीतच एक आकडा राखलेला असावा, ही लहान गोष्ट नाही.

०००

आता त्या बोगद्यात मनानं शिरू या. तुम्हाला आतापर्यंत एमआरआय करावा लागला नसेल, तर कल्पना करा. करावा लागला असेल, तर आठवा.

आत जाण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवावं लागतं. अंगठी, मंगळसूत्र, जोडवी, केसांचे आकडे, चांदीचा करदोटा, घड्याळ, मोबाइल, किल्ल्या. पेसमेकर असेल, मेंदूत क्लिप असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधीच सांगावं लागतं. हे चुंबक रात्रीही बंद नसतं, कुणी आत नसतानाही नसतं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि नातेवाइकाच्या सोबतीला आलेल्या एका तरुणाचा जीव गेला. म्हणून दारावर जो माणूस पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतो, त्याच्यावर चिडू नये. तो तुमची राखण करत असतो.

मग पाठ टेकायची. कानात बोळे. यंत्र मोठमोठ्यानं ठोकल्यासारखे आवाज करू लागतं, कारण आतल्या वेटोळ्यांतला प्रवाह क्षणोक्षणी बदलतो आणि चुंबकक्षेत्रात ती वेटोळी हादरतात. तुमच्याकडून फक्त एकच गोष्ट हवी असते: हलू नका. जोर लावायचा नाही, काही सिद्ध करायचं नाही. हातात घंटीचा फुगा दिलेला असतो. तो दाबला की माणसं धावत येतात. तेवढा विश्वास मुठीत धरायचा आणि श्वास जसा चालतो तसा चालू द्यायचा.

आजारी माणसाला वाटतं की आता सगळं दुसऱ्यांच्या हातात आहे, आपण काहीच करत नाही. पण या अर्ध्या-पाऊण तासात चित्र स्वच्छ येणं हे तुमच्या स्थिरतेवर अवलंबून असतं. तुम्ही हललात की रेषा पुसट होते आणि सुईचा नेमही तेवढाच ढळू शकतो. स्वस्थ पडून राहणं हे तुमचं काम आहे, आणि ते खरंखुरं काम आहे.

०००

चित्र झालं. संशयाची जागा ठरली. आता सुई तिथे न्यायची कशी? याच्या तीन वाटा आहेत.

पहिल्या वाटेत डॉक्टर एमआरआय नीट पाहून जागा मनात पक्की करतो आणि सोनोग्राफी बघत, त्या स्मरणाच्या आधारानं सुई नेतो. इथे सगळा भार अनुभवावर.

दुसरी वाट फ्यूजनची. आधी काढलेल्या एमआरआयवर ग्रंथीची आणि संशयित जागेची सीमा आखून ठेवतात. बायोप्सीच्या दिवशी समोर चालू असलेल्या सोनोग्राफीवर संगणक ती आकृती बसवतो. पण एमआरआयच्या वेळी प्रोब आत नव्हता, आता आहे. त्याच्या दाबानं ग्रंथी चेपते, भरलेल्या मूत्राशयानं सरकते. दोन चित्रं मिळवताना काही मिलिमीटरांचा फरक राहू शकतो, म्हणून एका जागेतून एकाहून जास्त तुकडे घेतात.

तिसऱ्या वाटेत बायोप्सी थेट एमआरआयच्या बोगद्यातच होते. रुग्ण आतच असतो, सुईसाठी मार्गदर्शक नळी बसवलेली असते. चित्र काढायचं, नळीचा कोन बदलायचा, पुन्हा चित्र काढायचं, सुई पुढे न्यायची, पुन्हा चित्र. वेळ जास्त लागतो, खर्चही जास्त, पण तुकडे थोडेच घ्यावे लागतात आणि सुई ठरल्या जागी पोहोचली हे त्याच क्षणी दिसतं.

या तिसऱ्या वाटेतल्या एका गोष्टीवर मन टेकवा. इथली सुई लोखंडाची चालत नाही. ती टायटॅनियमसारख्या, चुंबकानं न ओढल्या जाणाऱ्या धातूची असते. आणि एमआरआयच्या चित्रात ती स्वतः दिसत नाही. तिच्यात पाण्यातला हायड्रोजन नाही, म्हणून तिच्याकडून संदेशच येत नाही. तिच्या जागी दिसते एक काळी रेघ, आणि तीही सुईच्या खऱ्या जाडीपेक्षा जाड, कारण धातू आजूबाजूचं चुंबकक्षेत्र किंचित बिघडवतो. डॉक्टर ती काळी रेघ पाहून सुईचं टोक कुठे असेल याचा अंदाज बांधतो. आपल्या साधनामुळे चित्र किती बिघडतं आहे, याचा हिशेबही त्याला नेम धरतानाच करावा लागतो. तपासणारा तपासाच्या बाहेर उभा नसतो, ही जाणीव या खोलीत रोज पाळली जाते.

सुई शिरण्याच्या जागाही दोन. गुदाशयाच्या भिंतीतून, किंवा अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून. पहिलीत आतड्यातले जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो, म्हणून अलीकडे दुसरीकडे कल वाढतो आहे. जागेपुरती भूल देतात. मग सुई मारणाऱ्या स्प्रिंगच्या बंदुकीचा खट्ट आवाज. सांगून झाला तर तो आवाज दचकवत नाही, म्हणून चांगले डॉक्टर आधी एकदा तो नुसताच ऐकवतात.

०००

आता दुसऱ्या एका खोलीत जाऊ. इथे एक स्त्री पोटावर, पालथी झोपली आहे. तिच्या मॅमोग्राफीत काही नाही. एमआरआयमध्ये औषध दिल्यावर स्तनात एक ठिपका उजळला, त्यानंतर त्याच जागी मुद्दाम पुन्हा सोनोग्राफी केली, तिच्यातही तो सापडला नाही. बीआरसीए जनुकातल्या बदलामुळे स्तनाच्या कर्करोगाची जोखीम मोठी असलेल्या स्त्रियांत असं होतं. तो ठिपका फक्त चुंबकाला दिसतो, म्हणून सुईही चुंबकाजवळच न्यावी लागते.

स्तन एका जाळीच्या पट्टीनं हलकेच धरलेला असतो. औषध देऊन चित्र काढतात, जाळीतल्या कोणत्या चौकटीतून आणि किती खोल जायचं हे संगणक मोजतो. तिला बोगद्यातून बाहेर काढून भूल देतात, नळी आत सरकवतात, पुन्हा आत नेऊन नळी बरोबर जागी आहे का ते पाहतात. मग पुन्हा बाहेर, आणि पोकळ सुई निर्वात दाबानं एकाच जागेतून फिरत फिरत अनेक तुकडे ओढून घेते. शेवटी तिथे तिळाएवढी धातूची खूण ठेवतात, म्हणजे पुढे कधी शस्त्रक्रिया करायची झालीच तर जागा सापडेल, आणि नाही झाली तरी ही जागा तपासून झाली आहे हे कळेल.

या सगळ्याला मुदत असते. औषध ओसरू लागलं की ठिपका भोवतालात मिसळून जातो. तरी घाई करून चालत नाही. वेळ थोडा आहे आणि घाई मात्र करायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच हातात धरणारी माणसं त्या खोलीत काम करतात. कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढची पायरी सांगत राहतं. त्या हाताची नोंद कुठल्याच रिपोर्टात होत नाही.

०००

आता थोडे आकडे. आकड्यांवरही मनन करता येतं, ते फक्त सावकाश वाचावे लागतात.

२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या 'प्रॉमिस' या अभ्यासाचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. ५७६ पुरुषांचा एमआरआय केला, नेहमीची बायोप्सीही केली, आणि खरं काय ते ठरवण्यासाठी दर पाच मिलिमीटरवर सुया घेऊन अख्खी ग्रंथी धुंडाळली. धोक्याचे कर्करोग एमआरआयनं ९३ टक्के ओळखले, नेहमीच्या बायोप्सीनं ४८ टक्के. पण याच अभ्यासाची दुसरी बाजूही वाचा. ज्यांना धोक्याचा कर्करोग नव्हता त्यांच्यापैकी फक्त ४१ टक्क्यांना एमआरआयनं निर्धास्त केलं. उरलेल्यांत त्यानं विनाकारण संशय घेतला.

२०१८ मध्ये 'प्रिसिजन' अभ्यास आला. ११ देशांतली २५ केंद्रं, ५०० पुरुष. निम्म्यांना नेहमीच्या दहा-बारा सुया. निम्म्यांचा आधी एमआरआय, आणि संशय असेल तरच, संशयाच्या जागीच सुई. एमआरआयच्या गटात २८ टक्के पुरुषांना सुई लागलीच नाही. तरीही धोक्याचा कर्करोग त्या गटात ३८ टक्क्यांना सापडला, नेहमीच्या गटात २६ टक्क्यांना. आणि निरुपद्रवी कर्करोग? नेहमीच्या गटात २२ टक्के, एमआरआयच्या गटात ९ टक्के.

या शेवटच्या दोन आकड्यांपाशी जरा जास्त वेळ बसा. बावीसवरून नऊ. एक आजार कमी सापडला, आणि ते यश मानलं गेलं. कारण तो आजार सापडला नसता तर त्या माणसांचं काही बिघडणार नव्हतं, सापडल्यानं मात्र झोप उडाली असती, नको ती शस्त्रक्रिया झाली असती, मूत्रावरचा ताबा आणि शरीरसुख गमावण्याची पाळी आली असती. जेवढं जास्त कळेल तेवढं बरं, असं आपण धरून चालतो. इथे वैद्यकशास्त्र म्हणतं की जे कळल्यानं कुणाचं भलं होणार आहे ते आधी कळू द्या.

०००

तुकडा निघाला. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, मग मेणाच्या ठोकळ्यात, मग काही मायक्रॉनच्या पातळ कापावर गुलाबी-जांभळा रंग चढतो. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी पाहतो. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये प्रोस्टेटसाठी बसवलेली प्रतवारी, सुधारणा होत होत, आजही वापरात आहे.

चित्रानं प्रश्न विचारला होता, उत्तर तुकडा देतो. चित्रातला काळा डाग कधी जुन्या सुजेचा निघतो, कधी रक्तस्रावाच्या खुणेचा. आणि चित्र स्वच्छ असतानाही क्वचित कर्करोग असतो. म्हणून नुसत्या चित्रावर कुणी सहसा माणसाला कर्करोगाचा उपचार सुरू करत नाही, आणि नुसत्या स्वच्छ चित्रावर पीएसए तपासणं सोडूनही देत नाही.

आपल्याकडे घरोघरी एक भीती ऐकू येते: गाठीला सुई लावली की ती पसरते. ही भीती प्रेमातून येते, तिला हसू नये. पण प्रोस्टेट आणि स्तन यांच्या बाबतीत सुईच्या वाटेनं कर्करोग पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत, आणि निदानाशिवाय दिवस घालवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. घरात कुणी हे वाक्य बोललं, तर वाद न घालता त्यांना सोबत डॉक्टरांकडे न्या आणि हाच प्रश्न त्यांच्या तोंडून विचारू द्या.

रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. या दिवसांत मन पुढे पळतं. ते पळालं की त्याला एका खऱ्या गोष्टीवर परत आणा: आजार ठरला तरी पुढच्या वाटा एकाहून जास्त आहेत. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात पीएसएवरून सापडलेल्या, ग्रंथीबाहेर न गेलेल्या कर्करोगाचे १,६४३ पुरुष होते. काहींवर शस्त्रक्रिया, काहींना किरणोपचार, काहींवर फक्त नियमित लक्ष. पंधरा वर्षांनी प्रोस्टेटच्या कर्करोगानं दगावलेले तिन्ही गटांत मिळून सुमारे तीन टक्के होते. प्रत्येकाचा आजार असाच सौम्य असेल असं नाही. पण लक्ष ठेवून थांबणं हाही एक उपचार असू शकतो, हे डॉक्टरांशी बोलण्याआधी माहीत असलेलं बरं.

०००

आता उठण्याआधी चार प्रश्न मनात पक्के करू. स्वतःसाठी लागतील किंवा घरच्यांसाठी.

चित्रात नेमकं काय दिसलं, आणि ते किती खात्रीनं? सुई त्याच जागी गेली हे कसं कळणार? सुई न लावता काही महिने लक्ष ठेवलं तर काय होईल? आणि रिपोर्ट आल्यावर, चित्र आणि तुकडा यांचा मेळ बसतो का?

चौथा प्रश्न विसरू नका. चित्र मोठा संशय घेतं आणि तुकडा म्हणतो काहीच नाही, असं झालं तर निःश्वास टाकून घरी जायचं नसतं. सुई चुकली असेल का, चित्र चुकलं असेल का, हे रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी समोरासमोर बसून पाहायचं असतं. चांगल्या रुग्णालयांत असं बसणं हा कामाचाच भाग असतो.

बारा आंधळ्या सुयांपासून एका नेमक्या सुईपर्यंत वैद्यक पोहोचलं ते असं, आधी पाहून, आणि पाहिलेलं पुन्हा पुन्हा पडताळून. आपल्याही वाट्याला निर्णय येतात तेव्हा घाईनं टोचण्याआधी पाहता येईल, आणि टोचल्यावरही आपलं पाहणं बरोबर होतं का हे विचारता येईल. मेळ बसला नाही तर पुन्हा पाहावं. त्यात कमीपणा नाही, त्यात माणसाची काळजी आहे.